पिशवी, पंख आणि हातांची एकच जोडी

या वेळी वाचकांच्या प्रश्नांचा बराचसा गठ्ठा एकाच काल्पनिक प्राण्याभोवती फिरतो आहे: अर्धा कांगारूच्या कुळातला, अर्धा पक्षी. कोणाला तो चित्रात उतरवायचा आहे, कोणाला गोष्टीत, एकाला तर कागदाच्या लगद्यातून उभा करायचा आहे. बोलायला सोपे जावे म्हणून त्याला 'पिशवीपाखरू' म्हणू. उत्तरे प्राण्यांची शरीररचना शिकवणाऱ्या आणि प्राणिचित्रे काढणाऱ्या आमच्या गटाने मिळून दिली आहेत.

प्रश्न: प्रयोगशाळेत कांगारू आणि एखादा पक्षी यांचा खरोखरच संकर करता येईल का?

नाही. सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची घराणी साधारण ३१-३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. कोंबडीत ७८ गुणसूत्रे असतात, तर अनेक पिशवीधारी प्राण्यांत अवघी १४ किंवा १६. लिंग ठरवण्याची तऱ्हाही उलटी आहे. कांगारूत नराकडे दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रे असतात, पक्ष्यांत मादीकडे. दूरच्या नात्यातला संकर कुठवर जाऊ शकतो याचे टोकाचे उदाहरण हंगेरीतले आहे. तिथे रशियन स्टर्जन आणि अमेरिकन पॅडलफिश या माशांची संकरित पिल्ले जगल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या दोघांची ताटातूट १८.४ कोटी वर्षांपूर्वीची. पण ते मासे, शरीराबाहेर फलन होणारे. आपला प्राणी कागदावरच जन्माला येणार, आणि कागदावर तो पटण्यासारखा झाला की पुरे.

प्रश्न: लाल कांगारूच्या पाठीवर गरुडाचे पंख काढले. पंख सुबक आहेत, तरी चित्र खोटे वाटते. नेमके काय चुकते?

दोन गोष्टी चुकतात. पहिली, अवयवांची मोजणी. पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही प्राण्याला हातापायांच्या दोनहून जास्त जोड्या नसतात, आणि पक्ष्याचा पंख हा त्याचा हातच असतो. पाठीवर पंख चिकटवून पुढचे हातही ठेवले, की पंखाला खांद्याचे पाते नाही, दंडाचे हाड नाही, स्नायू धरायला जागा नाही. हे शास्त्र ठाऊक नसलेल्या माणसाच्या डोळ्यालाही ते खटकते. पंख हवा असेल तर हात सोडावा लागतो.

दुसरी चूक वजनाची. मोठा लाल कांगारू ८५ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत पंखांच्या एका चौरस मीटरवर साधारण २५ किलोच्या वर भार सहसा जात नाही. म्हणजे अगदी ताणून धरले तरी ३.४ चौरस मीटर पंख लागतील, आणि नेहमीच्या प्रमाणात ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार मीटर होतील. एवढे पंख सर्वांत लांब पंखांच्या भटक्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यालाही नसतात. बरे, ते हलवायला छातीवर चौदा-पंधरा किलोचा निव्वळ स्नायू हवा. आज उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक म्हणजे आफ्रिकेतला कोरी माळढोक, आणि त्याचा मोठा नर १८-१९ किलोच्या आसपास थांबतो.

म्हणून आमचा सल्ला असा: मोठा कांगारू सोडा, त्याच्या छोट्या नातलगाएवढा, पोटोरूएवढा, म्हणजे किलोभराचा प्राणी घ्या. चौरस मीटरला ८ किलो भार धरला तर पंखांचे एकूण क्षेत्रफळ १,२५० चौरस सेंटिमीटर येते. विस्तार ८७ सेंटिमीटर आणि सरासरी रुंदी साडेचौदा सेंटिमीटर ठेवली की हिशेब जुळतो. चित्रात आणखी एक बदल कराच: छाती. कांगारूची छाती अरुंद आणि खांदे उतरते असतात. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला खाली नांगराच्या फाळासारखा उंच कंगोरा असतो आणि पंख खाली मारणारा व वर उचलणारा असे दोन्ही मोठे स्नायू तिथेच बसतात. छाती भरदार आणि कंबर बारीक काढली, की पंखांचा आकार थोडा चुकला तरी खपून जातो. छाती सपाट राहिली तर पिसन् पीस बिनचूक काढूनही उपयोग नाही.

प्रश्न: माझ्या गोष्टीत पिल्लू अगदी अपुरे जन्मते आणि आईच्या पिशवीत चढते. पण हात नसून पंख असतील तर ते चढणार कसे?

आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत नेमका, आणि सर्वांत अवघडही.

लाल कांगारूचे पिल्लू साधारण ३३ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मते. वजन एक ग्रॅमहून कमी, लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, डोळे बंद, मागचे पाय नुसते कोंब. मात्र पुढचे हात पूर्ण कामाचे असतात, बोटांना नखे असतात. आईच्या केसांत एकेक हात रोवत ते काही मिनिटांत स्वतःच पिशवीत पोचते आणि आचळ तोंडात धरते. आई त्याला उचलत नाही. ज्या वयात इतर सस्तन प्राण्यांचा हात अजून घडत असतो, त्या वयात पिशवीधारी पिल्लाचा हात कामाला लागलेला असतो.

याची किंमत पुढे मोजावी लागते. जन्मतःच पकडणारा पंजा हवा, म्हणजे त्या अवयवाचे दुसरे काही घडवायला वेळच उरत नाही. देवमाशासारखी वल्ही किंवा वटवाघळासारखे पंख असलेला एकही पिशवीधारी प्राणी नाही, त्यामागे हेच कारण असावे असे अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात. हवेत तरंगणारे आहेत, पण त्यांनी हाताला हात लावलेला नाही. शुगर ग्लायडरचा पडदा करंगळीपासून मागच्या पावलापर्यंत कातडीचा आहे, आणि पंजा मोकळाच राहतो.

थोडक्यात, पिशवीपाखराची खरी अडचण त्याला पिशवी आणि पंख दोन्ही आहेत ही नाही. दोघांना एकच हात हवा आहे, ही आहे. गोष्टीत यातून सुटायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट: हात आधी, पंख नंतर. याला खऱ्या पक्ष्याचा आधार आहे. दक्षिण अमेरिकेतल्या होआत्झिन पक्ष्याच्या पिल्लाला प्रत्येक पंखावर दोन नखे असतात. संकट आले की ते घरट्यातून खाली पाण्यात उडी टाकते आणि नंतर नखांच्या आधाराने झाडावर परत चढते. वाढताना नखे जातात. तुमचे पिल्लूही नखांच्या हाताने पिशवी गाठेल, आत असताना बोटे जुळून येतील आणि पिसे फुटतील. अशा पिल्लाला पिशवीत भरपूर काळ ठेवा. लाल कांगारूचे पिल्लू सुमारे आठ महिन्यांनी पिशवी कायमची सोडते, तोच आकडा धरायला हरकत नाही. एवढे मात्र पाळा की बाहेर डोकावणाऱ्या पिल्लाचे पंख अर्धवट दिसले पाहिजेत: पिसांच्या नळ्या फुटलेल्या, टोकाला नखे अजून शिल्लक. पिशवीतून तयार पंखांचे पिल्लू भुर्रकन निघाले की सगळे ओम फस्.

दुसरी वाट आम्हाला जास्त आवडते: चढाईच काढून टाका आणि अंडे थेट पिशवीत घाला. पुढचा प्रश्न नेमका त्याबद्दलच आहे.

प्रश्न: पिशवीत अंडे उबवण्याची कल्पना कितपत टिकते? कोंबडीसारखे कडक कवचाचे अंडे पिशवीत ठेवले तर?

कल्पना टिकते, कारण निसर्गात ती चालू आहे. एकिडना हा अंडी घालणारा सस्तन प्राणी आहे. मादी एकच अंडे, जेमतेम दीड सेंटिमीटरचे, पोटावर त्या काळापुरत्या तयार झालेल्या पिशवीत घालते. साधारण दहा दिवसांनी पिल्लू अंडे फोडते आणि पाठीवर काटे फुटेपर्यंत, म्हणजे सातएक आठवडे, पिशवीतच राहते. पण त्या अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते. कडक कवचाचे अंडे तिथे ठेवले तर चार गोष्टी बिघडतील, आणि अंडी उबवणाऱ्या यंत्राशी ज्यांची ओळख आहे त्यांना चारही लगेच ओळखू येतील.

ओलावा ही सर्वांत मोठी. कोंबडीच्या अंड्याने २१ दिवसांत आपल्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी वाफेने गमवावे लागते. त्यामुळे रुंद टोकाला हवेची पोकळी मोठी होते, आणि बाहेर यायच्या आधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतला घेते. म्हणून यंत्रात पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवतात आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० पर्यंत वाढवतात. बंद, घामट पिशवीत हवा कायमच दमट. पाणी उडणार नाही, पोकळी छोटी राहील आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचाच्या आतच गुदमरेल.

त्याला लागूनच हवा. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. भ्रूण त्यांतून प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेवटच्या आठवड्यात ही गरज झपाट्याने वाढते, आणि नेमकी तेव्हाच पिशवी घट्ट मिटलेली असेल तर पिल्लू दगावते.

तिसरे तापमान. कोंबडीचे अंडे ३७.५ अंश सेल्सियसला उबते, आणि कांगारूचे शरीर साधारण ३५.५ ते ३६ अंशांचे. दीड-दोन अंशांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण त्याने उबवण लांबते आणि पिल्ले अशक्त निघतात. इथे पक्ष्याच्या बाजूने किवी घ्या. किवीचे शरीर इतर पक्ष्यांपेक्षा थंड, ३८ अंशांच्या आसपास असते आणि त्याची उबवण अडीच महिने किंवा त्याहून जास्त चालते. पिशवीपाखराला ३८ अंश दिले की दोन्ही बाजूंचे समाधान होते.

राहिले अंडे फिरवणे. सुरुवातीच्या दिवसांत अंडे फिरवले नाही तर भ्रूण आतल्या पापुद्र्याला चिकटतो. पिशवीतले अंडे आईच्या चालण्याने हलते हे खरे, पण नुसते हलणे म्हणजे फिरणे नव्हे, आणि दोन पायांवर उड्या मारणाऱ्या आईच्या पोटात तर दणकेच जास्त. चोच पिशवीपर्यंत पोचेल एवढी मान आईला द्या. दिवसातून पाच-सात वेळा ती चोच आत घालून अंडे फिरवील. पिशवीचे तोंड त्या वेळी उघडले की हवाही बदलेल आणि वाफही जाईल. तिन्ही अडचणी एका मानेने सुटतात.

कवच कडकच हवे असा हट्ट नसेल तर एकिडनासारखे मऊ घ्या आणि वरचे बरेचसे विसरा. पण मऊ कवच आले की पिल्लूही अपुरे जन्मणार आणि त्याला पुढे महिनोन्‌महिने पोसावे लागणार. कडक कवच आणि मोठा बलक दिला तर किवीच्या पिल्लासारखे पिसांसकट तयार पिल्लू मिळते, पण मग पिशवीचे काम तिथेच संपते. आमच्या मते मऊ कवचाच्या बाजूची गोष्ट जास्त रंगते.

प्रश्न: पिल्लू पिशवीत असताना आई उडू शकेल का? पिशवीचे तोंड कुठे असावे?

तोंड मागे. कांगारूच्या पिशवीचे तोंड पुढे-वर असते, पण तो ताठ उभा राहणारा प्राणी. आडवे होऊन उडताना पुढे उघडे असलेले तोंड वारा भरून घेईल, आई मागे ओढली जाईल आणि पिल्लू गारठेल. जमीन उकरणाऱ्या वोंबॅटची पिशवी मागे उघडते, त्यामुळे आत माती जात नाही. यापोक नावाचा अमेरिकेतला पाण्यात शिरणारा ओपोसम तर त्याही पुढचा. मादीची पिशवी मागे उघडते आणि स्नायूने इतकी घट्ट मिटते की पिल्ले आत असतानाही ती पोहते. त्या स्नायूची नक्कल करा.

पण खरी अडचण तोलाची आहे. वरच्या उत्तरातली एक किलोची आई घ्या. पिशवी गुरुत्वमध्याच्या १० सेंटिमीटर मागे आणि आत २०० ग्रॅमचे पिल्लू. गुरुत्वमध्य १.७ सेंटिमीटर मागे सरकतो. साडेचौदा सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला हा जवळजवळ १२ टक्क्यांचा फरक आहे. शेपटाकडून जड झालेली आई नाक वर करील, वेग हरवील आणि कोसळेल. कागदी विमानाच्या शेपटीला टाचणी लावून पाहा, नेमके हेच होते.

मग पिशवी पंखाखालीच का नको? मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहणाऱ्या सनग्रीब या पाणपक्ष्याने तेच केले आहे. अंडी दहा-अकरा दिवसांतच फुटतात आणि पिल्ले उघडी, आंधळी असतात. नराच्या दोन्ही पंखांखाली कातडीच्या घड्यांच्या पिशव्या असतात. पिल्ले त्यांत ठेवून तो पोहतो आणि उडतोसुद्धा. मेक्सिकोत प्राणिशास्त्रज्ञ मिगेल आल्वारेस देल तोरो यांनी १९७१ साली हे सविस्तर मांडले. खऱ्या जगातला पिशवीवाला पक्षी पाहायचा असेल तर तो हाच, आणि पिशवी बापाकडे आहे हेही लक्षात घ्या. भार पंखाखाली आला की तोल फारसा ढळत नाही. मात्र पिशवी काखेला अगदी चिकटून काढा. ती दंडावर सरकली तर प्रत्येक फटकाऱ्यासरशी पिल्लू वर-खाली आपटेल. आणि पिल्ले दोन हवीत, दोन्हीकडे एकेक. एकच असेल तर आई त्या अंगाला कलंडेल.

प्रश्न: (इयत्ता सहावीतून) पिशवीपाखरू उड्या मारेल की उडेल? आणि त्याचे गुडघे मागे वळलेले काढायचे का?

आधी गुडघ्याचे सांगतो. चिमणीच्या किंवा कांगारूच्या पायात तुला जो मागे वळलेला सांधा दिसतो ना, तो गुडघा नाही, घोटा आहे! खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत किंवा केसांत दडलेला असतो आणि तुझ्यासारखाच पुढे वळतो. तू आधी काड्यांचा सांगाडा काढ: मांडी पुढे, नळी मागे, मग लांब पाऊल. हे दोन्ही प्राण्यांना सारखेच लागू पडते, त्यामुळे पाय जोडणे या प्राण्यात सर्वांत सोपे आहे.

बोटे मात्र एकाचीच काढ. कांगारूच्या पावलावर चौथे बोट सर्वांत मोठे असते, त्याच्या आतल्या बाजूची दोन बारीक बोटे एकाच कातडीत जोडलेली असतात आणि अंगठा नसतो. पक्ष्याला बहुधा तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. फांदीवर बसणारा हवा असेल तर पक्ष्याचा पाय घे.

उड्या की उडणे? उड्या मारून वेग घेईल आणि मग उडेल. फक्त शेपटी ठरव. कांगारूची जाड शेपटी जमिनीवर टेकायला छान, पण उडताना ओझे. ती बारीक आणि लांब कर आणि टोकाला पिसांचा पंखा दे.

प्रश्न: चोचीने दूध कसे पिणार?

आचळ चोखायला ओठ आणि गाल लागतात, चोचीला ते नाहीत. मग आचळ काढून टाका. प्लॅटिपस आणि एकिडना यांना आचळ नसतातच. दूध कातडीवर पाझरते आणि पिल्ले ते तिथूनच घेतात. नाहीतर कबुतराची पद्धत वापरा: घशाखालच्या अन्नपुटाच्या अस्तरातून दह्यासारखा स्निग्ध, प्रथिनयुक्त पदार्थ सुटतो आणि नर-मादी दोघेही तो पिल्लांना भरवतात. फ्लेमिंगोही असेच करतात.

प्रश्न: केस कुठे संपतात आणि पिसे कुठे सुरू होतात, हे रंगवताना जमत नाही. सीमारेषा चिकटवल्यासारखी दिसते.

सीमारेषा काढूच नका. दोहोंच्या मध्ये चार-पाच सेंटिमीटरचा पट्टा किवीच्या किंवा एमूच्या पिसांसारखा रंगवा. किवीच्या पिसाचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ते लांबून केसांसारखेच दिसते. एमूच्या एका पिसाला दोन दांडे असतात आणि पिसारा विस्कटलेला लोंबतो. क्रम असा: पोट आणि पिशवीचे अस्तर केसांचे, कुशीला किवीसारखी पिसे, खांद्यापासून पुढे नीट बंद पिसे. रंग तिन्हीकडे एकच ठेवा, पोत बदला. बहुतेक जण नेमके उलटे करतात, म्हणून जोड दिसतो.

प्रश्न: कागदाच्या लगद्याची ३० सेंटिमीटर उंच प्रतिकृती केली. ती सारखी तोंडावर पडते आणि एका पंखाला बुरशी आली.

बुरशी आली कारण थर जाड झाला. वरची बाजू वाळते, आत ओल कोंडते. लगदा एका वेळी चार-पाच मिलिमीटरच द्या आणि तो खडखडीत वाळल्यावरच पुढचा थर. मिश्रणासाठी रात्रभर भिजवून, वाटून, घट्ट पिळलेला लगदा चार वाट्या, पांढरा गोंद एक वाटी आणि खडूची पूड अर्धी वाटी. पंखांना मात्र लगदा लावूच नका. दीड मिलिमीटर तारेच्या चौकटीवर कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर दिले की ते हलकेही राहतात आणि एका दिवसात वाळतात. दोन्ही पंखांची तार एकच ठेवा, छातीतून आरपार गेलेली. वेगवेगळ्या तारा खोचल्या तर मुळाशी तडा जातो.

तोंडावर पडण्याचे कारण ती भरदार छाती, जी आम्हीच वर मागितली. छातीतला लगदा कमी करून आत चुरगळलेला कोरडा कागद भरा. पाठीमागचा भार वाढवायला शेपटीच्या मुळाशी, सांगाड्याच्या तारेला बांधून, शंभरएक ग्रॅमचे खडे किंवा नट-बोल्ट घाला. दोन पावले आणि शेपटीचे टोक यांचा जमिनीवर त्रिकोण होतो, पंखांसकट सगळ्या भाराचा मध्य त्या त्रिकोणात पडायला हवा. तपासायला सांगाडा तयार झाल्यावरच त्याला पाठीत दोऱ्याने टांगा आणि दोरा मागे-पुढे सरकवून तो आडवा समतोल राहील ती जागा शोधा. ती जागा पावलांच्या बोटांपुढे येत असेल तर पावले पुढे वाकवा. हे लगदा लावण्याआधी करा, नंतर तारा वाकत नाहीत.